आधी वजन, मग काटा

"आधी कोण?"

"आधी चहा."

"मावशी, मस्करी नकोय. नीट बघ आणि सांग. आधी वजन की आधी काटा?"

स्वयंपाकघराच्या चौकटीला खिळा ठोकून त्यावर एक ताणकाटा लटकवला होता. वर कडी, मध्ये पितळी नळी, नळीत स्प्रिंग, नळीच्या पट्टीवरून वरखाली सरकणारा काटा आणि खाली आकडा. आकड्यावर मुठीएवढं लोखंडी वजन टांगलं होतं. मावशी भाजी निवडत खाली बसली होती. भाची हातात खडू घेऊन दारावर लिहीत होती. दाराचा रंग नाहीतरी उडालेलाच होता.

"काटा," मावशी म्हणाली.

"काटा आधी?"

"मग काय! कारखान्यात मेस्त्री ओरडतो, काटा तीनवर आण. मी वजनं चढवत जाते. काटा तीनवर आला की थांबते. म्हणजे आधी काटा, मग वजन. जन्म गेला माझा त्यात, मला काय विचारतेस?"

भाची खडू तोंडाशी धरून तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. तिला राग यायला हवा होता, पण ती हसली, आणि ते वाक्य पुटपुटत स्वतःशीच पुन्हा म्हणून पाहिलं. "आधी काटा, मग वजन. भारीच आहे हे."

मावशीला वाटलं, आपलं कौतुक झालं. ती लाजलीसुद्धा. शिकलेल्या माणसानं आपल्या चुकीकडे बघून डोळे चमकवले की खिसा चाचपून पाहावा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

भाचीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून. तिला मावशीकडे सोडलं तेव्हा ती धड बोलत नव्हती. मावशीची धाकटी बहीण नवऱ्याशी काडीमोड घेऊन आली, दुसरं लग्न जुळवलं आणि म्हणाली, "ताई, दोन महिने सांभाळ हिला. घर लागलं की घेऊन जाते." ते घर लागायला भिंगरीचं सगळं बालपण गेलं. मावशीनं लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे जमलं नाही, आणि जमलं नाही म्हणजे पदरात पोर बघून येणारा पायरीवरूनच परत गेला. त्याचं तिनं कधी रडगाणं गायलं नाही. ताणकाट्यांच्या कारखान्यात नोकरी धरली आणि पोरीला शिकवलं.

कारखान्यात तिला काटेवाली म्हणत. तिचं काम शून्याचं. तयार ताणकाटा तिच्या टेबलावर यायचा. आकडा रिकामा ठेवायचा, काट्याचा बारीक स्क्रू ढिला करायचा, काटा सरकवून शून्याच्या रेघेवर आणायचा, स्क्रू आवळायचा. मग वजनं चढवून पाहायची. त्याआधी प्रत्येक नव्या स्प्रिंगला जास्तीचं वजन टांगून ठेवत, म्हणजे तिचा ताठा जायचा. याला तिथे दमवणं म्हणत. वजन काढल्यावर जी स्प्रिंग पूर्ण वर यायची, ती नळीत. जी यायची नाही, ती बसली म्हणायची, आणि डब्यात फेकायची.

"हे बघ," भिंगरी आता दारावर लिहीत म्हणाली, "वजन म्हणजे क्ष. स्प्रिंग जेवढी उतरते ते य. एक किलोला दोन बोटं उतरली. दोन किलोला?"

"चार."

"तीनला?"

"सहा. एवढं काय त्यात!"

"म्हणजे य बरोबर दोन गुणिले क्ष. यातला एक स्वतंत्र चल, दुसरा अवलंबी चल."

"चल चल म्हणतेस आणि तासभर बसवून ठेवतेस."

"मावशी!"

"बरं बाई, सांग. स्वतंत्र कोण?"

"तेच तू सांगायचंस. जो आपण ठरवतो तो स्वतंत्र. जो त्याच्यामागून बदलतो तो अवलंबी."

मावशीनं डोकं खाजवलं. तिच्या लेखी मेस्त्री काटा ठरवायचा. म्हणून काटा स्वतंत्र. भिंगरीनं चिडल्यासारखं केलं, कोपऱ्यातली पाण्यानं भरलेली बादली उचलली आणि सरळ आकड्याला अडकवली. "आता बघ, कोण कुणाला ओढतंय!"

काटा पट्टी ओलांडून पार तळाला गेला.

"अगं भवाने!" मावशी भाजी टाकून उठली. "उतरव, उतरव! बसेल ना ती!"

बादली उतरवली. स्प्रिंग वर आली, पण पुरती नाही. काटा शून्याच्या थोडा खाली अडकून राहिला. मावशीनं नळीवर दोन टिचक्या मारल्या. काटा ढिम्म.

"गेली," ती म्हणाली.

"जाऊ दे ना. एक किलोला दोन बोटं अजून उतरतेच आहे ना? फक्त सुरुवात शून्याच्या खालून. समीकरणात शेवटी एक आकडा अधिक करायचा, झालं."

"आमच्याकडे असली डब्यात टाकतात."

"आमच्याकडे चालते," भिंगरी म्हणाली.

हा सगळा खटाटोप नमुना पाठासाठी होता. भिंगरी शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत होती, आणि शेवटी एक पाठ परीक्षकांसमोर द्यायचा होता. विषय सरळ समीकरणं, विद्यार्थी शाळा सुटलेली मोठी माणसं, त्यांत मावशीसुद्धा. हा पाठ चांगला झाला की दुसऱ्या गावच्या वसतिशाळेत नोकरी पक्की होती. राहायला खोल्या शाळेतच. "दोन खोल्या आणि मागं अंगण," भिंगरी सांगायची. "तू आणि मी. तुला आता त्या लोखंडाला हात लावू देणार नाही मी."

मावशीनं ते वाक्य कारखान्यात इतक्या वेळा सांगितलं की शेजारच्या टेबलावरची स्प्रिंग वळणारी बाई तिच्यावर खेकसली. या बाईला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती सकाळी सुरू झाली की भोंगा वाजेपर्यंत बंद व्हायची नाही.

"कळलं गं अंगण! आता त्या अंगणात कोंबड्या किती पाळणार तेही सांग. का त्यासुद्धा मोजून झाल्या?"

"जळतेस."

"जळते तर जळते. पण एक सांगू? पोरं मोठी झाली की त्यांच्या घरात आपल्यासाठी खोली नसते, कोपरा असतो. मेस्त्रीला इतक्यात बोलू नकोस."

मावशी बोलून बसली होती. महिनाअखेर काम सोडते म्हणून. मेस्त्रीनं मान हलवली आणि शून्याचं टेबल रेडिओला द्यायचं ठरवलं. उपदेश करणारीच्याच पदरात आपली जागा पडली, म्हणून मावशीला उलट गंमत वाटली.

समजायचं ते समजलं ते त्याच टेबलावर. एक ताणकाटा हातात आला, त्याच्या काट्याचा स्क्रू कोणीतरी आवळायचाच विसरला होता. तिनं बोट लावलं तसा काटा सुळकन पाचावर गेला. आकडा रिकामा. ती बघत राहिली. काटा वर नेला, शून्यावर. आकडा रिकामा. पुन्हा खाली, सातावर. आकडा हललासुद्धा नाही. काट्याला बोटानं कुठंही नेऊन बसवा, आकड्यावर वजन येऊन बसत नाही. आकड्यावर वजन टांगा, काट्याची काय बिशाद जागेवर राहायची!

मेस्त्री "काटा तीनवर आण" म्हणतो खरं, पण हात जातो तो वजनालाच. काट्याला कुणी विचारतच नाही.

"अगं रेडिओ," ती मोठ्यानं म्हणाली, "आधी वजन गं! आधी वजन, मग काटा!"

"हो बाई. तुझा काटा आधीच ढिला झालाय."

त्या दिवशी ती घरी जवळजवळ पळत गेली. या वयात माणसाला काहीतरी समजतं तेव्हा ते कुणाला तरी दाखवायचं असतं. लहान पोर पाटी दाखवतं तसं. दारातूनच तिनं सगळं सांगितलं, ढिला स्क्रू, सुळकन गेलेला काटा, रिकामा आकडा. दारावर खडूनं लिहूनसुद्धा दाखवलं. क्ष वजन, स्वतंत्र. य काटा, अवलंबी. अक्षर वेडंवाकडं, पण बरोबर.

भिंगरीचा चेहरा उतरला.

"मावशी, आत्ताच कशाला समजलं तुला?"

"म्हणजे?"

"अगं, परवा पाठ आहे. माझा सगळा पाठ तुझ्या त्या चुकीवर उभा केलाय मी. तू म्हणणार, आधी काटा. मग मी ती चूक सोडवून दाखवणार. ही चूक पुस्तकात कुठंच नाही, परीक्षकांना आवडणार बघ. तू एकदम बरोबर सांगितलंस तर मी तासभर काय करू?"

"मग मी काय करू?"

"चुकायचं. आधी म्हणत होतीस तसंच म्हणायचं." मग जवळ येऊन तिनं मावशीचा हात धरला. "माझ्यासाठी. एवढंच. आणि तिथे मला मॅडम म्हण हं. तिथली शिस्त असते."

"म्हणेन की मॅडम. माझी भिंगरी मॅडम झालेली मला काय जड आहे?"

पाठाच्या दिवशी मावशीनं रजा घेतली. जपून ठेवलेले कपडे बाहेर काढले. भिंगरी ते बघून म्हणाली, "हे नको गं. नेहमीचे घाल. कामाचेच." मावशीनं कामाचे घातले. ताणकाटा पिशवीत घेतला, वजनं घेतली. वजनांची पिशवी तिनंच उचलली.

वर्ग मोठा होता. फळा, बाकं, भिंतीला लागून परीक्षकांची टेबलं आणि मागे पाहुण्यांसाठी खुर्च्या. पुढच्या बाकांवर मावशीसारखीच काही माणसं बसवली होती. एक पहारेकरी, एक शिवणकाम करणारी, एक सुतार. मावशी बसली आणि सवयीनं मागे वळून पाहिलं, कोण कोण आलंय ते.

पाहुण्यांच्या पहिल्या खुर्चीत धाकटी बसली होती.

एवढ्या वर्षांनी. केस रंगवलेले, मांडीवर चांगली पर्स, बोटात चष्मा. मावशीनं ओळखलं, आणि धाकटीनंही ओळखलं, कारण तिनं लगेच पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं. शोधायचं काही नसलं की माणूस फार मन लावून शोधतो.

मावशीला आधी वाटलं, पत्ता काढत आली असेल, पोरीला धक्का बसेल. ती भिंगरीला खुणावणार, तेवढ्यात भिंगरी मागे बघून धाकटीकडे हसली. पहिल्या भेटीचं हसू नव्हतं ते. रोज बोलणाऱ्या माणसांचं होतं.

मग भिंगरीनं विद्यार्थ्यांची ओळख करून दिली. पहारेकऱ्याची, शिवणाऱ्या बाईची, सुताराची. मावशीच्या बाकापाशी ती थांबली, परीक्षकांकडे वळली आणि म्हणाली, "आणि या बाई आमच्याकडे कामाला असतात. आईनं ठेवलंय त्यांना, खूप जुन्या आहेत. शाळा अर्धवट सुटली, पण शिकायची हौस आहे."

परीक्षकांनी मागे धाकटीकडे पाहून मान हलवली. अशा मोलकरणीला शिकवणाऱ्या घराबद्दल आदर म्हणून. धाकटीनंही मान झुकवली. तिनं तो आदर घेतला. चोरी करणारा निदान पळून तरी जातो. ही बसून घेत होती, चष्मा पुसत.

मावशीच्या कानात भोंगा वाजल्यासारखं झालं. ती उठली नाही.

भिंगरीनं ताणकाटा फळ्याच्या खिळ्याला टांगला. आवाज गोड झाला होता, घरी नसायचा तसला. "हं बाई, तुम्ही रोज घरात मापंबिपं बघता. सांगा पाहू. या दोघांत स्वतंत्र कोण? आधी वजन, की आधी काटा?"

वर्ग तिच्याकडे बघत होता. बरोबर उत्तर तिच्या जिभेवर होतं. दोन शब्द. ते तिनं म्हटले असते तर पाठ तिथंच कोसळला असता, नोकरी गेली असती, आणि मागच्या खुर्चीतलं ते चष्मा पुसणं थांबलं असतं. त्या एका क्षणापुरतं वजन तिच्या हातात होतं. भिंगरीलाही ते कळलं असावं, कारण तिच्या हातातला खडू मोडला.

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. ताप आला की ही पोर रात्रभर तिचं बोट सोडायची नाही. ते बोट आता पिशवीच्या बंदात गुंडाळलं गेलं होतं.

"काटा," ती म्हणाली. "आधी काटा, मॅडम."

वर्ग हसला. पहारेकरीसुद्धा हसला. मागून धाकटीचं हसू आलं, लहानपणीचंच, नाकातलं. ते तिनं हजारात ओळखलं असतं.

पुढचा पाठ फार चांगला झाला. भिंगरीनं वजनं चढवली, उतरवली, फळ्यावर आडवी रेघ मारली, उभी रेघ मारली, मधून तिरपी सरळ रेघ काढली. खाली वजन, बाजूला स्प्रिंगचं उतरणं. तिरपी रेघ शून्यातून निघत नव्हती, थोडी वर सरकलेली होती. त्याचंही तिनं सोनं केलं. हा ताणकाटा थोडा बिघडलेला आहे, म्हणून समीकरणात शेवटी एक आकडा अधिक करायचा, म्हणाली. शेवटी ढिल्या स्क्रूची गोष्ट सांगितली. काटा बोटानं नेला तरी आकडा कसा रिकामाच राहतो ते फळ्यावर काढून दाखवलं. मावशीनं दारातून धावत येऊन सांगितलेली गोष्ट, तिच्याच शब्दांत, सुळकन या शब्दासकट. फक्त ती आता मॅडमची झाली होती.

परीक्षकांतले म्हातारे गृहस्थ उठून मावशीच्या बाकाशी आले. माणूस चांगला होता. "आता समजलं का, बाई?"

"समजलं, साहेब. वजन ज्याच्या हातात, तो ठरवतो. काट्याला कुणी विचारत नाही."

"वा! आणि आकड्यावर काहीच नसेल तर काटा कुठं असायला हवा?"

"शून्यावर."

"मग हा का नाही?"

मावशीनं त्या नळीकडे पाहिलं. "नव्या स्प्रिंगचा येतो, साहेब," ती म्हणाली.

बाहेरच्या व्हरांड्यात भिंगरीनं तिला गाठलं. "मावशी, ऐक ना. तिथे सगळ्यांच्या आया शिकलेल्या. मी पहिल्या दिवशी चुकून तुला कामवाली म्हणून गेले, आणि मग ते तसंच पुढं चालू राहिलं. आई मला भेटली त्याला झालं वर्ष. तुला सांगणारच होते."

"आणि अंगण?"

उत्तर धाकटीनं दिलं. ती मागून आली होती, अत्तराच्या वासासकट. "ताई, किती वाळलीस गं! अगं, वसतिशाळेच्या खोल्या एवढ्याशा. मीच जातेय हिच्याबरोबर, आता हे राहिले नाहीत ना. मला तरी दुसरं कोण आहे? तू काय, तुझं काम आहे, तुझी माणसं आहेत. तू फार केलंस हो. दोन महिन्यांचं म्हणाले होते, आणि तू..."

"तुझं घर लागलं म्हणायचं," मावशी म्हणाली.

धाकटीनं चष्मा घातला. भिंगरी रडायला लागली. खरंच रडत होती, खोटं नव्हतं ते. पण रडणं खरं असलं म्हणून काय झालं? केलेलंही खरंच होतं. "मावशी, रागावलीस? बोल ना काहीतरी. मी येत जाईन ना भेटायला."

मावशीनं पिशवी उघडली, वजनं मोकळी आहेत का पाहिली. "माझा ताणकाटा आतच राहिला," ती म्हणाली. "तेवढा आणून द्या, मॅडम."

भिंगरीनं आणून दिला. देऊनही तिनं हात मागे घेतला नाही. मावशीनं तो हात धरला नाही, झिडकारलाही नाही. ताणकाटा घेतला आणि पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली तेव्हा शून्याच्या टेबलावर रेडिओ बसली होती. मेस्त्रीनं तिला हात बसावा म्हणून आधीच बसवलं होतं. रेडिओनं तिचा चेहरा पाहिला, कामाचे कपडे पाहिले. स्टुलावरून उठली, स्वतःच्या फडक्यानं ते पुसलं आणि आपल्या जागी जाऊन स्प्रिंगा वळायला लागली. त्या दिवशी भोंगा होईपर्यंत रेडिओ बंद होता.

मेस्त्री फिरत आला. टेबलावर पिशवीतून काढलेला तो जुना ताणकाटा पडला होता. त्यानं उचलून पाहिला.

"बसलीय स्प्रिंग. डब्यात टाक. नाहीतर स्क्रू ढिला करून काटा शून्यावर सरकव, बाई. दिसायला तरी ठीक दिसेल."

ते तिला येत होतं. आयुष्यभर तेच केलं होतं तिनं. पेचकस हातात होता, स्क्रू समोर होता, काटा सरकवायला बोटभरसुद्धा अंतर नव्हतं.

तिनं स्क्रूला हात लावला नाही. ताणकाटा टेबलावरच्या खिळ्याला टांगला आणि पुढचा नवा कोरा हातात घेतला. वर जुना लटकत राहिला. आकडा रिकामा, आणि काटा शून्याच्या थोडा खाली.